दिल्लीचा हरवलेला ज्वालामुखी

दिल्लीच्या टापूत एक खरा ज्वालामुखी आहे, असं मी बोलून गेलो आणि दोन्ही नातवंडांच्या हातातले फोन एकदम खाली आले. एरवी आबांच्या बोलण्याला एवढा भाव नसतो.

सुट्टीला आलेली पुण्याची नात आधी हसली. “आबा, काहीही हं! ज्वालामुखीचा दगड आमच्याकडे. सिंहगड त्याचा, राजगड त्याचा, आमच्या शाळेच्या कुंपणाची भिंतसुद्धा त्याचीच. तुमच्या दिल्लीत नुसती धूळ.” गुडगावच्या नातवाला हे झोंबलं. त्याच्या बाबांनी त्याला नुकतीच ग्रॅव्हल बाईक घेऊन दिली होती आणि रविवारी पहाटे उठून बापलेक अरवलीच्या कच्च्या वाटा तुडवत होते. “मी सगळीकडे फिरलोय, मला नाही दिसला कुठे,” तो म्हणाला, पण जरा पडेल आवाजात.

म्हटलं, दिसणार कसा? तो ज्वालामुखीच्या रूपात उभाच नाही. दिसतात ते भलतेच. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला होता, ठाऊक आहे ना? चेहरेपट्टीवरून भलेभले फसले. पानिपतही आपल्या ह्या एनसीआरमध्येच, म्हणजे राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच येतं, तेव्हा तोतयांची परंपरा इथे जुनी आहे. आपल्या गोष्टीत तीन तोतये आहेत आणि एक खरा धनी आहे, त्याला मात्र कोणी ओळखत नाही. चौकशी करायची सायकलवरून. साक्ष घ्यायची ती चाकाखालच्या खड्याची.

आता सायकलच का, ते ऐका. मोटारीच्या काचा लावल्या की सगळे दगड सारखेच. पायी जावं तर एका दिवसात एकच डोंगर होतो. शर्यतीच्या सायकलीचं टायर जेमतेम २५-२८ मिलिमीटरचं आणि हवेने टणक फुगवलेलं. ते डांबरावर पळतं, खडीवर उडतं. डोंगरी सायकलीला पुढे स्प्रिंगा, त्या सगळे धक्के गिळून टाकतात. ग्रॅव्हल बाईक ह्या दोघींच्या मधली. हँडल शर्यतीच्या सायकलीचं, खाली वळलेलं. टायर ४० मिलिमीटरच्या आसपास. हवा निम्म्याहून कमी. त्यामुळे कच्च्या रस्त्यावरचा दगड कुठल्या जातीचा आहे, हे तळहातांना कळतं.

ही कल्पना अमेरिकेतल्या मधल्या राज्यांत वाढली. तिकडे शेताशेतांमधून हजारो मैलांचे खडीचे रस्ते आहेत. कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचं छोटं गाव आहे. तिथून २००६ साली दोनशे मैलांची, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटरची खडीवरची शर्यत सुरू झाली. तिथल्या टेकड्यांचं नावच चकमकीच्या दगडावरून पडलंय. चुनखडी झिजून जाते, तिच्यातली चकमक मागे उरते, आणि तिच्या धारेने टायर फाटतात. तिकडचे लोक टायर घेताना आधी दगडाची जात विचारतात. स्पेनमध्ये जिरोना नावाचं गाव ह्या सायकलवाल्यांचं माहेरघर झालंय. तिथून जवळच गारोचा नावाच्या भागात चाळीसेक विझलेले ज्वालामुखी आहेत. तिथे चाकाखाली काळी-तांबडी सच्छिद्र खडी येते.

“म्हणजे आमच्यासारखं,” नात म्हणाली.

नाही गं बाई, तिथेच तर गंमत आहे. तुझ्या सह्याद्रीत ज्वालामुखीचा दगड सगळीकडे आहे आणि ज्वालामुखीचा डोंगर मात्र नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून अकराशे-बाराशे अंशांचा पातळ लाव्हा वाहत सुटला. एक थर, मग उसंत, मग दुसरा थर. आज उरलेला पसाराच पाच लाख चौरस किलोमीटरचा आहे. घाटात गाडी थांबवून समोरचा कडा बघितलास तर आडव्या पट्ट्या मोजता येतात. पण डोंगरांचे आकार लाव्ह्याने दिलेले नाहीत, ते नंतर पावसाने कोरले. तेव्हा पहिली गोष्ट लक्षात ठेवा: डोंगराच्या तोंडावर जायचं नाही.

आणि त्या काळ्या दगडाचा स्वभाव बघ. ऊन-पावसात तो आतून कुजतो. आधी मुरूम होतो, मग काळी माती. मुरमाच्या वाटेवर चाक मऊ धावतं. पावसाळ्यात काळ्या मातीत शिरलं तर चिखल चाकाला असा धरतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. हे झालं तुझं माप. आता ते घेऊन दिल्लीच्या तोतयांकडे जाऊ.

पहिला तोतया म्हणजे दिल्लीची स्वतःची टेकडी, रिज. गुजरातेत सुरू झालेली अरवली सुमारे सातशे किलोमीटर चालत येते, दिल्लीत शिरते आणि उत्तरेला वजीराबादपाशी यमुनेच्या काठावर संपते. करोलबागेत आपली मराठी वस्ती आहे ना, तिच्या पाठीशी हीच टेकडी. १७३७ साली बाजीराव दिल्लीवर धडकले तेव्हा चकमक झडली ती तालकटोऱ्याच्या भागात, ह्याच टेकडीच्या अंगाला. बाजीरावांच्या घोड्यांच्या नाला सह्याद्रीच्या दगडावर झिजायची सवय असलेल्या. इथला दगड त्यांना नक्कीच वेगळा लागला असणार. हा आपला माझा तर्क, पुस्तकात शोधू नका.

सायकलवाले ह्या टेकडीला दक्षिणेकडून भिडतात. गुडगाव-फरिदाबाद रस्ता सोडून ग्वालपहाडी, मांगर, पुढे धौज. किंवा गैरतपूर बासजवळची ती वाट, जिला सगळे ‘लेपर्ड ट्रेल’ म्हणतात. बिबटे ह्या डोंगरांत खरोखर आहेत, म्हणून अंधारात जायचं नाही. उजाडल्यावर निघायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं. वाट तांबूस, दोन्ही बाजूंना विलायती किकर. हे झाड इथलं नव्हे. ब्रिटिशांनी टेकडी हिरवी करायला लावलं आणि ते माजलं. त्याचा काटा लांब, सरळ आणि लाकडाचा. वाटेवर खाली सराटेही असतात. पुण्याचा सायकलवाला इथे पहिल्याच फेरीत दोन पंक्चर काढतो. म्हणून इथली पोरं ट्यूब काढून टाकतात आणि टायरमध्ये पांढरं पातळ रबरी औषध घालतात. काटा शिरला की ते भोकात जाऊन घट्ट होतं.

“पण आबा, ज्वालामुखी?” नातू.

खडा उचल की. तांबूस, करडा, कधी जांभळट. कोपरे धारदार. त्याने तुझ्या सायकलीच्या पोलादी पेडलवर रेघ ओढून बघ, पोलादावर ओरखडा उठेल. बसाल्टच्या खड्याला हे इतकं सहज जमत नाही. आता दोन दगड आपटून एक फोड आणि भिंगातून बघ. सगळा वाळूच्या कणांचा बनलाय, पण फुटताना भेग कणांच्या मधून वळून गेली नाही, कणांना आरपार कापत गेली. म्हणजे कण एकमेकांत विरघळून एकजीव झालेत. हा क्वार्टझाइट. आधी किनाऱ्यावरची वाळू, मग वाळूचा दगड, मग जमिनीच्या पोटात खोल दबून, तापून हे रूप.

म्हणजे आगीतून आलेला नव्हेच तो. पाण्यातून आलाय. शंभर कोटी वर्षांपेक्षाही जुनी गोष्ट. आज जिथे मेट्रो धावते तिथे उथळ समुद्र होता. काही शिळांवर अजून लाटांच्या सुरकुत्या आहेत, भरती ओसरल्यावर ओल्या वाळूत उठतात त्याच. हात फिरवला की कळतात. त्या समुद्राच्या काठी तुम्ही कितीही फिरला असतात तरी एक शिंपला मिळाला नसता. खेकडा नाही, मासा नाही, किनाऱ्यावर गवताचं पातं नाही. शिंपला करणारे प्राणीच अजून जन्मायचे होते. पाण्यात होते ते डोळ्यांना न दिसणारे जीव. लाटा मात्र येत होत्या, आणि बघायला कोणी नसताना वाळूवर रेघा काढत होत्या.

हा दगड कुजत नाही. त्याची माती होत नाही, झाली तर परत वाळूच होते. म्हणून रिजवर मातीचा थर पातळ, झाडं खुरटी आणि काटेरी. पण जिथे माणसाने हात लावला नाही तिथे काय होऊ शकतं तेही बघून या. मांगरला ‘बणी’ आहे, म्हणजे आपली देवराई. गुदडिया दास बाबांच्या श्रद्धेपोटी आसपासच्या गुज्जर गावांनी तिथली डहाळीही मोडली नाही. तिथे धौ नावाच्या झाडांचं दाट रान आहे. आपल्या धावड्याचा तो चुलतभाऊ. त्याच डोंगरांत आदिमानवाची दगडी हत्यारं आणि गुहेतली चित्रं मिळाली आहेत. तिथे सायकल आत घालायची नाही. बाहेर टेकवायची, चालत जायचं, आणि गावातल्या कोणाला तरी विचारून जायचं.

ह्याच क्वार्टझाइटने तुघलकाबादचा किल्ला बांधला. ह्याच्याच चुऱ्याला दिल्लीचे गवंडी ‘बदरपूर’ म्हणतात. त्यासाठी भाटीला डोंगर पोखरले. ते आता असोला-भाटी अभयारण्यात आहेत, आणि पोखरलेल्या खड्ड्यांत निळंशार पाणी साठलंय. वरून बघणाऱ्याला वाटतं, हेच ज्वालामुखीचं तोंड! एका सायकलवाल्याने मला फोटो दाखवून तसं ठामपणे सांगितलंही होतं. बाबा रे, हे तोंड कुदळ-फावड्यांनी आणि सुरुंगांनी उघडलंय. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने फरिदाबाद, गुडगाव आणि मेवातच्या अरवलीतल्या खाणी थांबवल्या, नाहीतर अशी तोंडं आणखी झाली असती. तर पहिला तोतया पकडला गेला.

दुसऱ्याचं लवकर उरकतो, कारण तो फसवतो ते फक्त ऊनऊन पाण्याने. गुडगावच्या दक्षिणेला सोहना. डोंगराच्या पायथ्याशी शिवकुंड आहे, त्यात गरम पाणी येतं आणि त्याला गंधकाचा वास असतो. गरम पाणी, गंधक, बाजूला डोंगर. आणखी काय पुरावा हवा? पण मग वज्रेश्वरीला आणि उन्हवऱ्यालाही ज्वालामुखी जिवंत आहे म्हणायचं का? तिथला लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षं झाली. खरं असं आहे की जमिनीत खाली जाल तसं तापमान वाढतं, दर किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंश. पावसाचं पाणी फटींतून खोल उतरतं, तापतं, आणि एखाद्या मोठ्या भेगेतून भराभर वर आलं तर निवायला वेळच मिळत नाही. सोहन्याला अशी भेग आहे. दगड तिथेही तोच, क्वार्टझाइट. सोहन्याचा चढ मात्र चढून बघाच, पायांना कळेल.

तिसरा तोतया सगळ्यांत रुबाबदार. ह्याला महाराष्ट्रातही सगळे ओळखतात, फक्त ओळखतो हे माहीत नाही. हिवाळ्यात तुमची आजी चमचाभर च्यवनप्राश घेते ना? ते च्यवन ऋषी जिथे तप करत होते असं मानतात तो ढोसीचा डोंगर. नारनौलजवळ, हरियाणा-राजस्थानच्या सीमेवर. तप करता करता ऋषींच्या अंगावर वारूळ चढलं. शर्याती राजाची मुलगी सुकन्या खेळत खेळत आली, वारुळात दोन चकाकणारे ठिपके दिसले, तिने काडी खुपसली. ते ऋषींचे डोळे होते. मग लग्न, मग अश्विनीकुमार आले आणि म्हाताऱ्या ऋषींना तरुण करून गेले. गोष्ट तुम्हाला माहीत आहे.

त्या डोंगराचा आकार मात्र असा आहे की बघणारा चक्रावतो. सपाट मैदानातून एकटा उठलेला, उतरते कडे, आणि वर पोहोचलं की मधोमध खोलगट जागा, तिच्यात मंदिर आणि कुंड, भोवती उंच कडा. कोणीही म्हणेल, ज्वालामुखी! तसं लोक म्हणतात आणि लिहितातही. सायकल पायथ्याशी ठेवून पायऱ्या चढल्यावर मलाही क्षणभर वाटलं, म्हणावं आपणही.

पण भूशास्त्रज्ञ म्हणाले, नाही. त्यांचं म्हणणं असं की ही घड्यांची करामत आहे. जमिनीचे थर दोन्ही बाजूंनी दाबले गेले की वाकतात. काही जागी वर कमान होते, काही जागी खाली द्रोण होतो. आता विचार करा, झिजताना आधी काय जाईल? तुम्ही म्हणाल, द्रोण तर खोल आहे, तो खोलच राहणार. पण वर वाकलेल्या कमानीचा माथा ताणला जातो, त्याला भेगा पडतात, पाणी शिरतं आणि ती ढासळते. द्रोणातला दगड दाबला जाऊन घट्ट झालेला असतो, तो टिकतो. कोट्यवधी वर्षांनी कमानीच्या जागी दरी आणि द्रोणाच्या जागी डोंगर! वर होतं ते खाली, खाली होतं ते वर. आणि डोंगर झाला तरी त्याच्या थरांचा वाक तोच, म्हणून माथ्यावर खोलगट जागा.

“हे ज्वालामुखीपेक्षा भारी आहे,” नात म्हणाली. मलाही तसंच वाटतं. ज्वालामुखी निदान खरं बोलतो.

आता खरा धनी. नारनौल असलेला महेंद्रगड जिल्हा आणि भिवानी जिल्हा हे दोन्ही २०१३ साली एनसीआरमध्ये घेतले गेले. कागदावरच्या त्या सहीने दिल्लीच्या टापूला एक ज्वालामुखी मिळाला, आणि सही करणाऱ्यांच्या ते गावीही नसेल. रोहतकवरून भिवानीपर्यंत सायकली गाडीत टाका, तिथून पंचवीसेक किलोमीटरवर तोशाम.

ही वाट रिजच्या अगदी उलट. डोंगर नाहीच. सगळं सपाट, जानेवारीत मोहरीने पिवळं झालेलं, मध्ये मध्ये शमीची झाडं. इकडे शमीला जांटी म्हणतात. कालव्याच्या कडेची कच्ची वाट चांगली धावते, पण मध्येच वाळूचा टिब्बा आडवा येतो, कारण राजस्थानचं वाळवंट इथवर हात पसरून बसलंय. वाळूत हँडल वळवायचं नाही आणि ब्रेक दाबायचा नाही. हलका गिअर, जड बूड, पाय चालू. थांबलात की रुतलात. धुकं असेल तर सूर्य वर येईपर्यंत भिवानीत चहा प्यावा, ह्या रस्त्यांवर ट्रकांची वर्दळ फार.

आणि मग त्या सपाटीतून अचानक एक काळपट-तांबूस डोंगर उठतो. फार उंच नाही. तोंड नाही, शंकूचा आकार नाही, वर खोलगट जागा नाही. आसपास खानक, डाडम, निगाणा अशा गावांशी अशीच सुटी टेकाडं. ढोसीसमोर हा अगदीच गबाळा दिसतो. पण खडा उचला.

ह्यात वाळूचे कण दिसत नाहीत. बारीक, करड्या-गुलाबी लगद्यात काचेसारखे ठिपके आणि फिकट चौकोनी स्फटिक रुतलेले. काही दगडांत वाहत्या रेघा, दगड घट्ट होत होत सरकत होता त्याच्या. काही दगड म्हणजे राख, दाबून पक्की झालेली. काहींत तुटक्या कोनेदार तुकड्यांची खिचडी, स्फोटात फुटलेली आणि तिथेच सांधली गेलेली. हा रायोलाइट. हा लाव्हा.

आता नातीच्या लाव्ह्यात आणि ह्या लाव्ह्यात फरक काय? आजीला विचारा, गुळाचा पाक एकतारी असला तर परातीत ओतताच पसरतो; गोळीबंद झाला की उलथन्यालाही दाद देत नाही. लाव्ह्यात गूळ नसतो, सिलिका असते, म्हणजे वाळूचंच द्रव्य. बसाल्टमध्ये ती निम्म्याच्या आसपास, म्हणून सह्याद्रीचा लाव्हा मैलोन्‌मैल वाहिला. रायोलाइटमध्ये सत्तर टक्क्यांच्या वर. सिलिकेचे कण एकमेकांचे हात धरून साखळ्या करतात, आणि लाव्हा इतका चिकट होतो की नळीतून वर सरकता सरकत नाही. त्यात विरघळलेली वाफ बाहेर पडायला बघते, वाट मिळत नाही, दाब चढत जातो. आणि मग स्फोट. तुझा सह्याद्री वाहिला गं, हा फुटला.

कधी? सुमारे पंचाहत्तर कोटी वर्षांपूर्वी. सह्याद्रीच्या लाव्ह्याच्या अकरापट जुना. हिमालय नव्हता, झाड नव्हतं, जमिनीवर चालणारं काही नव्हतं, त्यामुळे त्या स्फोटाला घाबरून पळायलाही कोणी नव्हतं. आणि तोशाम एकटा नव्हता. पश्चिम राजस्थानात जालोर, सिवाना, जोधपूरपर्यंत ही आग पसरली होती, पन्नास हजार चौरस किलोमीटरच्या वर. भूशास्त्रात त्याला मालाणीचे अग्निजन्य खडक म्हणतात. जोधपूरचा मेहरानगड ज्या कड्यावर बसलाय तो ह्याच आगीचा.

“मग तोंड कुठे गेलं?” नातवाचा तोच प्रश्न.

झिजलं. पंचाहत्तर कोटी पावसाळे म्हणजे काय चेष्टा आहे? वरचा शंकू गेला, तोंड गेलं, आपण बघतो ते त्याचं पोट. खालचं लाव्ह्याचं कोठार रिकामं झालं तेव्हा वरचं छत गोलाकार भेगेवरून आत खचलं. त्या भेगेत उरलेला लाव्हा घुसला आणि थिजला. भोवतालचं झिजल्यावर ती दगडी कडी उरली, तुकड्या-तुकड्यांत. नकाशावर तोशामची टेकाडं जोडून बघितली की ते वर्तुळ भूशास्त्रज्ञांना दिसतं. आणि जे वर आलंच नाही, खोलवर सावकाश निवलं, त्याचा ग्रॅनाइट झाला. तो खानकला आहे.

निवता निवता त्या ग्रॅनाइटमधून उकळतं खारं पाणी फटींत शिरलं आणि एक देणगी ठेवून गेलं: कथील. कल्हईवाला तापल्या पातेल्यात कांडी फिरवायचा, ते कथील. तांब्यात दहावा हिस्सा कथील घातलं की कांसं होतं. हडप्पाच्या लोकांकडे कांसं होतं, पण कथील आणलं कुठून, हा विद्वानांचा जुना वाद. अफगाणिस्तानातून, असं पुष्कळांचं मत. तोशाम त्या वादातला घरचा दावेदार आहे. खानकला बनारस हिंदू विद्यापीठाने उत्खनन केलं, तिथे हडप्पाकालीन वस्ती आणि धातुकामाच्या खुणा मिळाल्या. राखीगढी, एवढं मोठं हडप्पा शहर, तेही फार दूर नाही. म्हणजे ह्या गबाळ्या डोंगराची ओळख तेव्हाच्या लोकांना बहुधा पटली होती. नंतर गुप्तकाळाच्या सुमाराला कोणी विष्णुभक्ताने ह्याच डोंगराच्या कातळावर संस्कृत लेख कोरला. पाण्याची कुंडं बांधल्याचं त्यात लिहिलंय.

आताच्या लोकांना डोंगराचा एकच उपयोग माहीत आहे. खानक आणि डाडमला खाणी आहेत, क्रशर आहेत. दगड फुटतो, त्याची खडी होते, इकडे तिला रोडी म्हणतात, आणि ट्रक भरभरून ती चौफेर जाते. डाडमला १ जानेवारी २०२२ रोजी खाणीत दरड कोसळली आणि माणसं गेली. खाणीच्या बाजूला सायकली न्यायच्या नाहीत, एवढं मी दोघांना बजावलं, आणि ते गोष्ट म्हणून नव्हे.

नातू थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आबा, म्हणजे आमच्या सोसायटीच्या काँक्रीटमध्येसुद्धा ज्वालामुखी असेल?” असेल की. खडी खानकची असेल तर गुलाबी ठिपके शोध.

पुण्याची नात हरली म्हणायला तयार नव्हती. “पण तो विझला ना! परत पेटेल?” नाही. त्याचा विस्तव पंचाहत्तर कोटी वर्षांपूर्वीच ग्रॅनाइट होऊन बसलाय. “आणि आमचा?” तुमचा अजून पेटतोय, फक्त महाराष्ट्रात नाही. जमिनीखालची जी उष्ण जागा सह्याद्रीच्या लाव्ह्याचं मूळ मानतात, ती तिथेच राहिली आणि आपला देश तिच्यावरून उत्तरेला सरकला. आज ती जागा हिंदी महासागरात, मॉरिशसच्या शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ नावाचा ज्वालामुखी वरचेवर उसळतो, आणि लाव्हा तुझ्याच जातीचा, पातळ, वाहणारा.

“तिथे सायकल चालते?” दोघांनी एकदम विचारलं. चालते. ज्वालामुखीच्या वाटेवर काळ्या-तांबड्या खडीचं एक पठार आहे, त्यातून रस्ता जातो. मॉरिशसला आपली मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तिथवर जेवणाची चिंता नाही. पुढच्या विमानाच्या तिकिटाचं मात्र ज्याने त्याने आपापल्या बाबांशी बोलायचं.